काळ्या मातीपासून महासंगणकापर्यंत : पदार्थविज्ञानातील एक नवी वाट

बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यात असलेल्या तेलगावच्या शिवारात उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. पावसाळा सुरू होताच तीच माती फुगते. परिणामी रस्ते उखडतात, पाया हलतो, भिंतीला तडे जातात. ग्रामपंचायतीने केलेला रस्ता दोन पावसाळ्यांत का खचला, या प्रश्नाचे उत्तर ठेकेदाराच्या कामात असू शकेल, तसेच ते डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कणातही असू शकेल.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे थर एकेक नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या एक अब्जांशाइतके, जाड असतात. या थरांच्या मधल्या फटींत पाणी शिरले की थर दूर सारले जातात. असे असंख्य थर एकाच वेळी सरकल्यामुळे अख्खा रस्ता उचलला जातो. कारण एका पातळीवर आणि परिणाम दुसऱ्याच पातळीवर, अशी ही गोष्ट आहे. या पातळ्या गणिताने जोडणाऱ्या शास्त्रास बहुस्तरीय संगणकीय यामिकी असे म्हणता येईल.

अडचण आकड्यांची आहे. अवघ्या अठरा ग्रॅम पाण्यातील रेणूंची संख्या लिहावयाची तर सहावर तेवीस शून्ये द्यावी लागतात. एवढ्या रेणूंचा हिशेब कोणताही संगणक ठेवू शकत नाही. म्हणून काही थोड्या थरांमधील रेणूंची हालचाल संगणकावर तपासतात, त्यावरून मातीच्या लहानशा ढेकळाचे गुणधर्म ठरवितात, आणि ते गुणधर्म संपूर्ण रस्त्याच्या गणितात घालतात. या शेवटच्या टप्प्यात रस्त्याचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरील ताण काढला जातो. मातीत चुना मिसळला की थरांमधील सोडियमची जागा कॅल्शियम घेते व फुगणे कमी होते, हे अभियंत्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. कोणत्या मातीस किती चुना पुरेल, हे चाचण्यांचा खर्च वाचवून ठरविण्यास असे गणित साहाय्यभूत होते. अर्थात प्रयोगशाळेतील चाचणीला ते पर्याय नव्हे.

तेलगाव येथील लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखान्यासारख्या कोणत्याही कारखान्यात ऊस पिळणारे रोलर असतात. रोलरच्या पोलादी दांड्यातील सूक्ष्म कणांमध्ये केसाहून बारीक चीर निर्माण होते, प्रत्येक फेऱ्यागणिक ती तसूतसूने वाढते, आणि ऐन गळीत हंगामात दांडा तुटतो. गाळप थांबले की उसाच्या गाड्या रांगेत उभ्या राहतात आणि ऊसतोड मजुरांचीही मजुरी अडते. चीर किती दिवसांत धोक्याची होईल, याचा अंदाज बांधणे हेही याच शास्त्राचे काम.

वेगवेगळ्या पातळ्यांची गणिते एकत्र गुंफण्याचे महत्त्व जगाने मान्य केले आहे. रासायनिक प्रक्रियांसाठी अशी प्रतिरूपे विकसित केल्याबद्दल मार्टिन कारप्लस, मायकेल लेव्हिट आणि एरिए वॉर्शेल यांना २०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पवईच्या आय.आय.टी.तून पदवी घेतलेले डॉ. उमेश वाघमारे यांना पदार्थांच्या अशाच सैद्धान्तिक व संगणकीय अभ्यासासाठी २०१५ चा इन्फोसिस पुरस्कार देण्यात आला. साधनांच्या बाबतीतही महाराष्ट्र मागे नाही. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व १९९१ मध्ये तिने परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. २०१९ पासून पुण्याच्याच आयसर संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक कार्यरत झाला.

या क्षेत्रात यावयाचे तर यंत्र, स्थापत्य वा धातुशास्त्र अभियांत्रिकीची, अथवा भौतिकशास्त्र वा गणिताची पदवी हवी. बारावीला गणित सोडलेल्या विद्यार्थ्यास ही वाट जवळजवळ बंद होते. शाळांनी हे दहावीनंतरच सांगितलेले बरे. पुढे गेट परीक्षेद्वारे एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये करण्यात आली आहे. पुढील नोकऱ्या संरक्षण व अणुऊर्जा विभागांच्या प्रयोगशाळांत, वाहन उद्योगांत आणि अध्यापनात आहेत. मात्र त्या मोठ्या शहरांतच एकवटल्या आहेत, हे पालकांपासून लपविण्याचे कारण नाही.

प्रारंभासाठी महासंगणकाची गरज नाही. रेणूंची हालचाल दाखविणारी लॅम्प्स ही संगणक-प्रणाली विनामूल्य आहे आणि तिची लहान उदाहरणे महाविद्यालयातील साध्या संगणकावरही चालतात. एनपीटीईएलची व्याख्यानेही विनाशुल्क ऐकता येतात. ती बहुतांशी इंग्रजीत असल्याने पहिले काही महिने शिक्षकाला विद्यार्थ्याशेजारी बसावे लागेल.