प्रकटीकरणातली चिन्हे कशी वाचावीत?

मूळ हिब्रू-ग्रीकवरून पंडिता रमाबाईंनी सोप्या मराठीत आणलेले बायबल त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनमधून निघाले. त्यातले शेवटचे पुस्तक ‘प्रकटीकरण’ उघडताना घाबरू नये. बऱ्याच चिन्हांचा उलगडा ग्रंथ स्वतःच करतो: सोन्याच्या सात समया म्हणजे सात मंडळ्या (१:२०), श्वापदाची सात डोकी म्हणजे सात डोंगर (१७:९). सात टेकड्यांचे रोम तेव्हाच्या वाचकाला लगेच ओळखू येई. दानीएलाच्या दृष्टान्तातली चार श्वापदेही चार राजेच ठरतात (७:१७).

श्वापदाचा आकडा ६६६ (१३:१८), त्याचे काय? ‘नीरो कैसर’ हे नाव हिब्रूत लिहून अक्षरांच्या किमती मिळवा, ६६६ भरतात. काही जुन्या प्रतींत ६१६ आहे. नावाच्या लॅटिन वळणाची बेरीज नेमकी तेवढीच. म्हणून रोख नीरोवर, हे बहुसंख्य अभ्यासकांचे मत पटते. बारकोडात हा आकडा शोधणाऱ्यांकडे असा आधार नाही.

चिन्हांवरून तारखा काढणेही असेच फसते. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख धरली होती. दिवस आला नि गेला. तुम्हाला कुणी नवी तारीख सांगितली, तर आधी मार्क १३:३२ वाचा: तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, असे येशू तिथे स्वतः सांगतो.