वायु-समस्थानिक व भूपट्ट सांरचनिकी

ज्वालामुखी व गरम पाण्याचे झरे यांतून बाहेर पडणाऱ्या वायूंचे मूळ त्यांच्या समस्थानिकांवरून (अणुक्रमांक तोच पण अणुभार भिन्न असलेल्या मूलद्रव्याच्या प्रकारांवरून) ओळखता येते. एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरल्याने निर्माण होणाऱ्या ज्वालामुखी द्वीपचापांच्या (कमानीच्या आकाराच्या द्वीपमालिकांच्या) अभ्यासात ही पद्धत विशेष उपयोगी पडली आहे. जेथे द्वीपचाप नाही तेथेही तिचा पुरावा महत्त्वाचा असतो. वसई-विरारच्या पूर्वेकडील झरे हे याचे उदाहरण होय.

या कामी हीलियम सर्वांत उपयुक्त आहे. तो अक्रिय असल्याने वाटेतील खडकांशी त्याची रासायनिक विक्रिया होत नाही. हीलियम (३) हा मुख्यत्वे पृथ्वीच्या निर्मितीच्या वेळी प्रावरणात अडकून राहिलेला आहे, तर हीलियम (४) युरेनियम व थोरियम यांच्या किरणोत्सर्गी क्षयातून कवचात सतत तयार होतो. हवेत हीलियम (३) चा एक अणू हीलियम (४) च्या सु. ७.२ लाख अणूंमागे असतो. हे गुणोत्तर १ मानल्यास मध्य-महासागरी पर्वतरांगांच्या बेसाल्टात ते सु. ८, द्वीपचापांच्या ज्वालामुखी वायूंत सामान्यतः ५ ते ८ आणि जुन्या ग्रॅनाइटी कवचात अवघे सु. ०.०२ भरते. नमुन्यात हवा मिसळली, तर हा फरक झाकला जातो. म्हणून निऑनचे प्रमाण मोजून तेवढी वजावट करतात.

कूरील बेटांच्या वायूंत हीलियम (३) चे आधिक्य मामिरिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये नोंदविले. जपानमध्ये खंदकाकडील पट्ट्यात गुणोत्तर कमी असून ज्वालामुखींची रांग लागताच ते एकदम वाढते, असे सानो व वाकिता यांनी १९८५ मध्ये दाखविले. खाली जाणारा भूपट्ट सु. १०० किमी. खोलीवर पाणी सोडतो, त्यामुळे वरील प्रावरण वितळून शिलारस बनतो व हीलियम (३) वर आणतो, याच्याशी हे जुळते. द्वीपचापांच्या वायूंत हीलियम (३) च्या मानाने कार्बन डाय-ऑक्साइड महासागरी रांगांपेक्षा कितीतरी जास्त असतो. तो बहुतांशी भूपट्टाबरोबर खाली गेलेल्या सागरी गाळाचा होय.

भारतात द्वीपचापावरील जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे. १९९१ पासून तो पुन्हा उद्रेक पावू लागला. वसईभोवतालचा बेसाल्टही ज्वालामुखीचाच, परंतु तो सु. ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या दक्षिण ट्रॅपचा असून भूपट्ट खाली शिरण्याशी त्याचा संबंध नाही. तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथे आणि पालघर जिल्ह्यात सातिवली, कोकनेरे येथे गरम पाण्याचे झरे आहेत. (वज्रेश्वरीचे पाणी दैत्यांच्या रक्तामुळे ऊन झाल्याची आख्यायिका आहे, ‘खाली ज्वालामुखी आहे’ ही समजूत मात्र सुशिक्षितांतही आढळते.) कोकणातील झऱ्यांच्या वायूंत नायट्रोजन प्रमुख असून त्यांतील हीलियम कवचाच्या प्रकारचा, म्हणजे ट्रॅपखालील जुन्या खडकांतून आलेला आहे. ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या समस्थानिकांवरून पाणी पावसाचे ठरते. ते भेगांतून खोल उतरते व भूपृष्ठाखाली खोलीबरोबर वाढणाऱ्या नेहमीच्या उष्णतेने तापते. भू-औष्णिक विजेच्या योजना आखताना हे ध्यानात घ्यावे लागते. कारण शिलारसालगत मिळते तशी अतितप्त वाफ येथे उथळ खोलीवर अपेक्षिता येत नाही.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू–तलासरी भागात भूकंपाचे धक्के वारंवार बसू लागले, तेव्हा हा प्रश्न केवळ अभ्यासाचा राहिला नाही. जपानमध्ये ओंताके ज्वालामुखीच्या २०१४ मधील उद्रेकापूर्वी सु. दहा वर्षे जवळच्या झऱ्यात हीलियमाचे गुणोत्तर वाढत होते. पालघरच्या झऱ्यांचे असे मापन ठराविक काळाने होत राहिल्यास शिलारस वर येत आहे की नाही हे धक्क्यांच्या नोंदींपासून स्वतंत्रपणे पडताळता येईल.