काळी जमीन आणि घराचा पाया

नवें घर पाहावयास आलेला मनुष्य भिंती पाहतो, छप्पर न्याहाळतो. पायाविषयीं मात्र क्वचितच कोणी विचारतो. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांत इंझोरी हें गांव आहे. वऱ्हाडच्या या भागांत काळ्या जमिनीचा भरणा मोठा. ही जमीन कपाशीला जितकी मानवते, तितकीच ती घराला जाचते. तिच्यांतील चिकणमाती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आटून भेगाळते. उथळ पाया तिच्याबरोबर वर-खालीं होतो, आणि तोहि सर्वत्र सारखा नव्हे. मग दाराच्या कोपऱ्यापासून तिरकस तडा निघतो, व जन्माची पुंजी घालून बांधलेलें घर दरसाल डागडुजी मागूं लागतें.

अशा ठिकाणीं घराचा भार खालच्या स्थिर थरावर नेणारे खांब जमिनींत उतरवितात. त्यांसच पाइल म्हणतात. त्यांतील एक प्रकार ठोकून बसविण्याचा. तयार खांबावर जड घणाचे घाव घालून तो खालीं दाबतात. भुसभुशीत वाळू त्यायोगें अधिक दाट होते. परंतु हादऱ्यांमुळें शेजारच्या जुन्या भिंतींस धोका पोंचतो, आणि वाटेंत मोठा धोंडा लागल्यास खांब अडतो. दुसरा प्रकार जमिनींत भोंक पाडून त्यांत सळ्या व काँक्रीट भरण्याचा. मुंबईच्या समुद्रकांठीं मऊ गाळ ओलांडून असे पाइल खडकांत रोवतात. 2009 सालीं खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतु अशाच पाइलांवर उभा आहे.

काळ्या जमिनीचें दुखणें निराळें. ती भार पेलणार नाहीं, एवढेंच येथें भय नसतें. ती घराला वर उचलते, हें मोठें भय होय. याकरितां रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें भारतांत अंडररीम्ड पाइलची पद्धत रूढ केली. या पाइलच्या बुडाजवळ एक फुगवटा कोरलेला असतो. त्याचा व्यास खांबाच्या सुमारें 2.5 पट असतो. वरचा भार तो रुंद जागेवर पसरतो, आणि माती खांबास वर ओढूं लागली म्हणजे जहाजाच्या नांगराप्रमाणें त्यास धरून ठेवतो. काळा थर खोल असेल तेथें हा पाइल निदान 3.5 मीटर खालीं नेतात, कारण तेथवर ऋतूंचा परिणाम फारसा पोंचत नाहीं. पाइलांच्या माथ्यावरील तुळई भुईपासून सुमारें 8 सेंटिमीटर अधांतरीं ठेवतात. नाहींतर फुगलेली माती तिलाच वर ढकलील.

तथापि सर्वांआधीं खड्डा खणून जमीन पाहणें अगत्याचें आहे. थोड्या खोलीवरच कठीण मुरूम लागला, तर काळी माती काढून मुरमावर साधा पाया घेणेंच काटकसरीचें ठरतें. नदीकांठीं भोंकांत पाणी शिरून कडा ढासळत असतील, तर फुगवटा नीट कोरला जात नाहीं, आणि दुसरा उपाय शोधावा लागतो. शेजाऱ्याच्या घराला जो पाया मानवला, तो पन्नास हातांवरील घरालाहि मानवेलच असें नाहीं. म्हणून नकाशा पक्का करण्यापूर्वीं गृहस्थानें जाणत्या अभियंत्याकडून मातीची परीक्षा करून घ्यावी. हा खर्च थोडका. तडकलेल्या घराखालीं नवा पाया घालण्याचा मात्र फार मोठा.