मिलानचा बिशप आणि रोमचा सम्राट

इटलीतील मिलान शहराला दरवर्षी ७ डिसेंबरला सुटी असते. तेथील विख्यात ‘ला स्काला’ नाट्यगृहाचा नवा ऑपेरा हंगामही परंपरेने याच दिवशी सुरू होतो. हा दिवस आहे नगराचे आश्रयदाते संत अ‍ॅम्ब्रोज यांचा.

अ‍ॅम्ब्रोज मुळात धर्मगुरू नव्हतेच. रोमन साम्राज्यातील बड्या अधिकाऱ्याच्या घरात जन्मलेला हा कायदेपंडित उत्तर इटलीतील एका प्रांताचा राज्यपाल होता. ३७४ मध्ये मिलानचे बिशप ऑक्झेंटियस निवर्तले. ते एरियन पंथाचे. ख्रिस्त हा देवपित्याच्या बरोबरीचा नाही, असे हा पंथ मानी. त्यांच्या जागी कोणत्या पक्षाचा माणूस यावा, यावरून दंगलीची चिन्हे दिसू लागली, तेव्हा शांतता राखण्यासाठी राज्यपाल जातीने चर्चमध्ये गेले. गर्दीतून ‘अ‍ॅम्ब्रोज बिशप!’ अशी आरोळी उठली आणि दोन्ही पक्षांनी ती उचलून धरली. अ‍ॅम्ब्रोज यांचा तोवर बाप्तिस्माही झालेला नव्हता! त्यांनी पद टाळण्याची बरीच खटपट केली. पण अखेर बाप्तिस्म्यापाठोपाठ आठवडाभरातच ते बिशप झाले.

प्रशासकाचा करारीपणा त्यांनी चर्चमध्येही सोबत आणला. युद्धकैद्यांना सोडवण्यासाठी त्यांनी चर्चमधील मौल्यवान पात्रे वितळवली. राजमाता जस्टिना यांनी एरियनांसाठी एक चर्च मागितले, तेव्हा ३८६ मध्ये सैनिकांच्या वेढ्यात ते भाविकांसह चर्चमध्ये ठाण मांडून बसले. त्या दिवसांत लोकांचा धीर टिकावा म्हणून सामूहिक स्तोत्रगायन सुरू झाले, असे संत ऑगस्टीन यांनी लिहून ठेवले आहे. पुढे ३८७ च्या ईस्टरला ऑगस्टीन यांना बाप्तिस्मा दिला, तोही अ‍ॅम्ब्रोज यांनीच.

त्यांची खरी कीर्ती मात्र ३९० च्या घटनेमुळे झाली. थेसालोनिकी येथे एका लोकप्रिय सारथ्याला कैद केल्यावरून जमाव खवळला आणि त्याने सेनाधिकारी बुथेरिक याला ठार केले. सूड म्हणून सम्राट थिओडोसियस यांच्या सैनिकांनी नागरिकांची सरसकट कत्तल केली. चर्चच्या दारात सम्राटाला अडवणारे अ‍ॅम्ब्रोज चित्रकार रुबेन्स यांनी रंगवले आहेत. हा प्रसंग मात्र नंतरच्या इतिहासकाराने रचलेला दिसतो. प्रत्यक्षात अ‍ॅम्ब्रोज शहराबाहेर गेले आणि त्यांनी स्वहस्ते एक खासगी पत्र धाडले: प्रायश्चित्त घेतल्यावाचून आपल्या उपस्थितीत मी वेदीवर अर्पणविधी करू शकत नाही. साम्राज्याच्या धन्याने राजचिन्हे उतरवून भर चर्चमध्ये पश्चात्ताप केला. दारातल्या नाट्यापेक्षा हे मोजक्या शब्दांचे पत्र अधिक धाडसाचे वाटते.

पण याच अ‍ॅम्ब्रोज यांचे दुसरेही एक पत्र आहे आणि चरित्रकार त्यावरून बहुधा घाईने पुढे सरकतात. ३८८ मध्ये युफ्रेटिसकाठच्या कॅलिनिकम येथे, म्हणजे आजच्या सीरियातील रक्का येथे, स्थानिक बिशपच्या चिथावणीवरून ख्रिस्ती जमावाने ज्यूंचे प्रार्थनास्थळ जाळले. ते त्या बिशपने पुन्हा बांधून द्यावे, असा थिओडोसियस यांचा आदेश होता. कोणत्याही कसोटीवर तो न्याय्यच होता. अ‍ॅम्ब्रोज यांनी त्याला कडाडून विरोध केला. पत्राने भागले नाही, तेव्हा भर उपासनेत सम्राटाला उद्देशून प्रवचन दिले आणि आदेश मागे घेण्याचे वचन मिळेपर्यंत ते वेदीकडे वळले नाहीत. सम्राटाने येथेही माघार घेतली. थेसालोनिकीच्या मृतांसाठी जे अस्त्र उपसले गेले, तेच दोन वर्षे आधी जाळपोळ करणाऱ्यांच्या बचावासाठी चालले होते.

अ‍ॅम्ब्रोज ४ एप्रिल ३९७ रोजी, ईस्टरच्या आदल्या दिवशी निधन पावले. मिलानमधील त्यांच्याच नावाच्या प्राचीन चर्चच्या तळघरात त्यांचे अवशेष आजही पाहता येतात. संतांचा सण सहसा त्यांच्या मृत्युदिनी साजरा होतो. अ‍ॅम्ब्रोज यांचा ७ डिसेंबर हा मात्र, इच्छा नसताना त्यांनी बिशपपद स्वीकारले, तो दिवस आहे.