विहारमार्गावरील आरोग्याची नोंद

मुंबईहून पुण्याकडे पायी विहार करणारे साधू-साध्वीजी खोपोलीहून बोरघाट चढतात आणि खंडाळा, लोणावळा, कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगाव अशा मुक्कामांनी पुढे जातात. चातुर्मास पूर्ण झाला की ही वाट पुन्हा जागी होते. वाटेत एखाद्या वयोवृद्ध साध्वीजींचा रक्तदाब वाढला, तर मुक्कामाच्या गावातील डॉक्टरांना विनंती केली जाते. ते येतात, तपासतात, गोळी लिहून देतात. दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर विहार पुढे सरकतो आणि चिठ्ठी बहुधा मागे राहते. पुढच्या गावी डॉक्टर नवे, प्रश्न मात्र तेच: कोणते औषध किती दिवसांपासून चालू आहे? मूत्रपिंडाची तपासणी कधी झाली? कशाची ॲलर्जी आहे का? अपरिग्रहव्रती साध्वीजींजवळ फायलींची पिशवी नसते आणि मोबाइल तर नसतोच.

नेमकी हीच उणीव भरून काढण्यासाठी केंद्र शासनाने 27 सप्टेंबर 2021 रोजी ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ देशभर लागू केले. त्याआधी 2013 मध्ये रुग्णनोंदींची मानके प्रसिद्ध झाली होती व 2016 मध्ये ती सुधारली गेली. परंतु रुग्णाला ओळख देणारा धागा तेव्हा नव्हता. तो धागा म्हणजे चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक. या रचनेत सर्व नोंदी दिल्लीतील एखाद्या कोठारात साठवल्या जात नाहीत. लोणावळ्यात झालेल्या तपासणीचा अहवाल लोणावळ्याच्या प्रयोगशाळेकडेच राहतो. तळेगावच्या डॉक्टरांना तो पाहायचा असेल, तर रुग्णाकडे संमती मागितली जाते. संमती कशासाठी आणि किती काळासाठी द्यायची हे रुग्ण ठरवतो, व दिलेली संमती परतही घेऊ शकतो. क्रमांक घेणे ऐच्छिक आहे.

कागदावर ही रचना जणू विहार करणाऱ्यांसाठीच आखलेली वाटते. प्रत्यक्षात तिचा पहिला उंबरठाच त्यांना ओलांडता येत नाही. आभा क्रमांक मुख्यतः आधारवरून निघतो. वाहन चालवण्याच्या परवान्याचाही पर्याय आहे, पण वाहनात पाऊलही न ठेवणाऱ्यांना त्याचा उपयोग काय? दीक्षेपूर्वी काढलेले आधार असेल, तर त्यावर संसारी नाव असते आणि जोडलेला मोबाइल पूर्वाश्रमीच्या कुटुंबाचा. एकाच मोबाइलवर अनेकांची खाती जोडता येत असल्याने वैयावच्च करणारा एखादा श्रावक आपला क्रमांक देऊ शकेल. परंतु मग संमतीचा सांकेतिक अंक त्याच्या हाती येतो. साध्वीजींच्या शरीराविषयीची माहिती कोणी पाहावी, याचा निर्णय कोणाच्या अंगठ्याने होणार? सोय म्हणून हा प्रश्न बाजूला सारणे योग्य नव्हे. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाही संमती हाच आहे.

शासनाला मार्ग काढता येत नाही, असे मात्र नाही. मे 2021 मध्ये, करोना लसीकरणाच्या ऐन धांदलीत, ओळखपत्र नसलेल्यांसाठी केंद्राने स्वतंत्र कार्यपद्धती काढली. तीत विविध धर्मांच्या साधुसंतांचा उल्लेख होता. मोबाइल व ओळखपत्र नसतानाही कोविन प्रणालीत त्यांची नोंद होऊ शकली. महामारीत जे जमले, ते एरवीही जमायला हवे, आणि तशी मागणी संघांनी एकत्रितपणे करायला हवी.

दुसरी अडचण दवाखान्यांची. मोठी रुग्णालये संगणकीय नोंद करू लागली, तरी गावातील एका खोलीचा दवाखाना अजून चिठ्ठीवरच चालतो. एका सकाळी पन्नास-साठ रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला टंकलेखनासाठी वेळ कोठून मिळणार? जानेवारी 2023 मध्ये शासनाने नोंदींसाठी प्रोत्साहनपर रक्कम देऊ केली. परंतु रुग्णालयांबाबत मूळ योजनेची अट होती दहा किंवा अधिक खाटांची. अमेरिकेने 2009 मध्ये कायदा करून याच कामावर अब्जावधी डॉलर खर्च केले. 2008 मध्ये जेमतेम नऊ टक्के रुग्णालयांत असलेली मूलभूत संगणकीय नोंद 2015 पर्यंत चौऱ्याऐंशी टक्क्यांवर गेली. तरीही एका रुग्णालयाची नोंद दुसऱ्याला वाचता येत नाही, ही तक्रार तेथे दीर्घकाळ राहिली. पैशाने यंत्रे येतात. ती एकमेकांशी बोलतीलच असे नाही. महाराष्ट्राचाही अनुभव फारसा वेगळा नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे चाललेली संगणकीय प्रणाली 2022 मध्ये बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहिण्याची वेळ आली.

अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या खोऱ्यांत तर पावसाळ्यात वीज आणि मोबाइलची रेंज या दोहोंचाही भरवसा नसतो. येथे कागदाला तूर्त पर्याय नाही. (कागदाहून टिकाऊ नोंदही याच मातीत आहे. कामशेतजवळील पाले येथील लेण्यातला ब्राह्मी लेख अरिहंतांना वंदन करून सुरू होतो आणि भदंत इंदरखित यांनी लेणे व पाण्याची पोढी करविल्याचे सांगतो. दोन हजार वर्षांनंतरही तो वाचता येतो.)

आणखी एक बाब संगणकाच्या ठरावीक चौकटींत सहज बसत नाही. ‘रात्री जेवणानंतर एक गोळी’ हे वाक्य साध्वीजींसाठी, आणि चौविहार पाळणाऱ्या श्रावकांसाठीही, निरर्थक असते. सूर्यास्तानंतर पाणीही नाही, आज उपवास, उद्या पारणे, वर्षीतप चालू आहे. मधुमेहाचे औषध ठरवताना ही माहिती साखरेच्या आकड्याइतकीच मोलाची असते. उपवासात नेहमीचीच मात्रा घेतली गेली, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. ही नोंद मोकळ्या शब्दांत, पहिल्याच ओळीत असली पाहिजे, मग ती पडद्यावर असो वा कागदावर.

तोपर्यंत विहारमार्गावरील संघांना एक साधे काम आजही करता येईल. साध्वीजींची अनुमती घेऊन दीक्षानाम, आजार, चालू औषधे व त्यांच्या मात्रा, ॲलर्जी, शेवटच्या तपासण्यांच्या तारखा, रक्तगट आणि तपाचे नियम एका पानावर लिहावेत. ते पान विहारसेवेतील श्रावकाने बंद पाकिटात जवळ ठेवावे, प्रत्येक मुक्कामी डॉक्टरांकडून त्यात भर घालून घ्यावी, आणि सेवेची पाळी बदलताना औषधांच्या डबीबरोबर तेही पुढच्या गावच्या श्रावकाच्या हाती द्यावे.