तलावपाळीची फेरी

ठाण्यात कुणाला भेटायचं ठरलं की जागेवर चर्चा होत नाही. ‘तलावपाळीला या’ एवढं पुरतं. नकाशावर त्याचं नाव मासुंदा तलाव. पण त्या नावानं त्याला ओळखणारा ठाणेकर विरळाच. प्रेमात पडलेले, पेन्शनीत निघालेले, परीक्षेत आपटलेले, सगळ्यांना या पाळीनं टेकायला कठडा दिला आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मीही रोज संध्याकाळी इथे एक फेरी घालतो. डॉक्टर म्हणतात, भरभर चाला. ते मला जमत नाही. भरभर चाललं की तळं दिसत नाही, नुसता रस्ता दिसतो.

माझी फेरी कौपिनेश्वरापासून सुरू होते. देवस्थान शिलाहारांच्या काळातलं मानतात. आजचं देऊळ सुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० च्या सुमारास बांधलेलं. पलीकडे जांभळी नाक्याचा बाजार. तिथल्या झेंडूचा आणि मेथीचा वास अंगाला लागतो तोच काठ येतो. पुढे सेंट जॉन बॅप्टिस्टचं चर्च, पोर्तुगीज अमदानीची खूण. १७३७ साली मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७७४ च्या अखेरीस ते इंग्रजांकडे गेलं, किल्ल्याचा तुरुंग झाला, १८५३ मध्ये बोरीबंदरहून पहिली आगगाडी येऊन थांबली. मग १९७८ साली काठाशी गडकरी रंगायतन उभं राहिलं. नाटक सुटल्यावर ते बरं होतं की वाईट, याचा निकाल प्रेक्षक अजूनही याच कठड्यावर बसून लावतात.

तळं शांत दिसतं, पण त्याचाही जमाखर्च असतो. निर्माल्य, पावाचे तुकडे, सांडपाणी असं जे जे पाण्यात जमा होतं, त्यावर शेवाळ माजतं. दिवसा उन्हात हे शेवाळ प्राणवायू देतं. रात्री तेच तो ओढून घेतं. म्हणून तळ्यातले मासे मरतात ते बहुधा पहाटे. मध्यभागी उडणारं कारंजं शोभेचं वाटलं तरी त्याचं खरं काम पाण्यात हवा मिसळण्याचं. ठाण्यात गणेश विसर्जनासाठी काठालगत कृत्रिम हौद बांधले जाऊ लागले, तेव्हा नाकं मुरडणारे पुष्कळ होते. मीही होतो. आज ते हौद नसते तर तळ्याचं काय झालं असतं, याचा हिशेब मला मांडता येतो.

एके काळी या गावात साठाहून अधिक तळी होती, असं जुने लोक सांगत. आज पस्तिसेक उरली आहेत. मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, उपवन यांची नावं तरी तोंडात आहेत. बाकीच्यांवर घरं आहेत. त्यातलं एक मला ठाऊक आहे. त्याच्याबद्दलच आज लिहायचं आहे. इतका वेळ मी नुसता काठाकाठानं चाललो होतो.

आमच्या आळीमागे एक छोटं तळं होतं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मी तिथे पोहायला शिकलो. १९८२ साली महानगरपालिका झाली, गाव वाढत सुटलं, आणि ट्रकच्या ट्रक मुरूम पडून ते तळं बुजलं. १९८९ मध्ये मी बँकेत कर्जविभागात होतो. त्याच जागेवर होणाऱ्या इमारतीतल्या घरांसाठी अर्ज आले. वकिलाचा दाखला स्वच्छ, नकाशे मंजूर. जागा पाहायला मीच गेलो. त्या दिवशी एक शाळामास्तर सोबत होते. आईला जिने चढवत नाहीत म्हणून त्यांनी तळमजल्यावरचं घर घेतलेलं. त्यांनी सहज विचारलं, “साहेब, तुम्ही इथलेच ना? जागा बरी आहे ना हो?”

मी म्हणालो, “कागदपत्रं चोख आहेत.”

उत्तर खोटं नव्हतं. पण ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. भरावानं खड्डा बुजतो. आजूबाजूचा उतार बदलत नाही. पाणी वाहून जायचं तिथेच जातं, फक्त आता त्याला मुरायला जागा नसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ठाणंही बुडालं. मास्तरांच्या घरात छातीएवढं पाणी चढलं. आई वरच्या मजल्यावर वेळेत हलवली म्हणून वाचल्या. पुस्तकं गेली. कर्जाचे हप्ते मात्र अजून चालू होते.

मास्तर आता सत्तरी ओलांडून गेलेत. तलावपाळीला रोज भेटतात, माझ्या चालीनं चालतात. इतक्या वर्षांत त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. कादंबऱ्यांतून मी अनेकांना कबुलीजबाब द्यायला लावले. स्वतःचा एक राहून गेला होता. परवा चर्चच्या बाजूला आलो तेव्हा म्हटलं, “मास्तर, तुमची इमारत आहे ना, तिथे तळं होतं. मी त्यात पोहायला शिकलो. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं.”

ते थांबले. पाण्यात पेडल मारणारी एक बोट वळून परत गेली, तोवर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अहो, मग मलाही पोहायला तरी शिकवायचं होतंत!”

आम्ही दोघंही हसलो, पण ते माझ्याआधी थांबले. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, “काठ कुठपर्यंत होता हो?” मी आठवून सांगितलं, पायऱ्या होत्या तिथे आता तुमचं देवघर असावं. “बरं झालं सांगितलंत,” ते म्हणाले. “भिंतीला ओल तिथेच येते. दरवर्षी रंगवून घेतो मी.”

एरवी आम्ही एकच फेरी घालतो. त्या संध्याकाळी मात्र न ठरवता दुसरीला निघालो.