विष सापडले नाही म्हणजे काय?

संशयित मृत्यूच्या खटल्यात रासायनिक विश्लेषकाचा अहवाल ‘विष आढळले नाही’ असा आला की आरोपी सुटलाच, अशी समजूत आमच्या जळगाव-धुळ्याकडे सर्रास आढळते. ती कायद्यासही धरून नाही व शास्त्रासही नाही. १९५६ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे यांस त्यांचे डॉक्टर अनंत लागू यांनी रात्रीच्या आगगाडीने मुंबईस नेले. बाई बेशुद्धावस्थेतच गोकुळदास तेजपाल रुग्णालयात पोचल्या व त्याच दिवशी वारल्या. प्रेत बेवारस म्हणून पडून राहिले. विच्छेदन झाले ते दहा दिवसांनी, व विष काही सापडले नाही. तथापि डॉक्टरांची खोटी पत्रे, बाईंच्या मालमत्तेचा अपहार व एकंदर वर्तन ध्यानी घेऊन सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये बहुमताने फाशीची शिक्षा कायम केली.

मुळात हे विष काढतात तरी कसे? जठर, आतडे, यकृत व मूत्रपिंड यांचे भाग बहुधा मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून मोहोरबंद बरणी प्रयोगशाळेकडे जाते. खानदेशच्या बरण्या वर्षानुवर्षे नाशिकच्या प्रादेशिक प्रयोगशाळेकडे गेल्या आहेत. तेथे अवयव बारीक करून, मांसातील प्रथिने वेगळी काढून, उरलेला अर्क ईथरसारख्या द्रवात घुसळावा लागतो, म्हणजे विष मांस सोडून त्या द्रवात उतरते. १८५० साली बेल्जियमच्या स्टास या रसायनशास्त्रज्ञाने निकोटिनच्या खुनात हीच वाट दाखविली. त्या अर्कातील पदार्थ कोणता, हे आता गॅस क्रोमॅटोग्राफसारखी यंत्रे सांगतात. परंतु बरणीत जे उरलेच नाही ते यंत्राने कोठून आणावे? कपाशीवर फवारावयाच्या ऑरगॅनोफॉस्फेट वर्गातील कित्येक औषधे शरीरात व कुजणाऱ्या प्रेतात झपाट्याने विघटित होतात. विच्छेदनास झालेला विलंब म्हणजे पुराव्याचाच नाश होय!

म्हणून आमचे सांगणे प्रथम पंचांस आहे, आणि पंच म्हणून बोलावणे येते ते बहुधा आमच्या वाचकांपैकीच दुकानदारांस. घरात वा शेतात औषधाची बाटली सापडली, तर ती लेबलासह पंचनाम्यात घेऊन मोहोरबंद करविल्यावाचून सही करू नये. कोणते विष शोधावयाचे हे ठाऊक असले की विश्लेषकाचे निम्मे काम हलके होते. वकीलबंधूंनीही नुसता कागद वाचून थांबू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ अन्वये शासकीय तज्ज्ञाचा अहवाल साक्षीवाचून पुराव्यात घेता येतो हे खरे. पण त्या तज्ज्ञास बोलावून विचारण्याचा अधिकारही त्याच कलमाने न्यायालयास दिलेला आहे.